घराने रस्ता ओलांडला ती तारीख

सोमवार, ४ जानेवारी

मिस टिप्टननी ही वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, जाड. म्हणाल्या, "हॉलिस, डेल्सीचं रोजचं लिहीत जा. काय खाल्लं, कधी झोपली, डॉक्टरकडे कोणी नेलं. कोर्टात आठवणीचा उपयोग नसतो, कागदाचा असतो." मी मान हलवली. त्या आमच्या वकील. ज्यांना वकील ठेवता येत नाही त्यांच्यासाठी जे फुकट काम करतात, त्यांच्यातल्या. तरी बूट पुसून घरात येतात.

खरं तर हे ओपल मावशीने लिहायला हवं, पण तिची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. म्हणून माझ्याकडे आलं. मी सोळाव्या वर्षी, म्हणजे गेल्याच वर्षी, शाळा सोडली. कागदावर मी घरी शिकतो. वर्गात उभं करून वाचायला लावायचे आणि माझा आवाजच फुटायचा नाही. सगळे थांबायचे. ते थांबणं वाईट.

डेल्सी चार वर्षांची, माझी बहीण. आई एक, बाप वेगळे. माझा कोण ते कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिचा एमेट स्कॅग्स. मी त्याला कधी भेटलो नाही. टेनेसीत चॅटनूगाला राहतो, नदीवर मालाचे तराफे ढकलणाऱ्या बोटीवर कामाला आहे. अठ्ठावीस दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. आई सप्टेंबरात गेली. हॉस्पिटलच्या कागदावर हृदय लिहिलंय, मी पण तेच लिहितो. आता एमेट म्हणतो मुलगी मला द्या. मावशी म्हणते माझ्या मढ्यावरून.

डेल्सी: उठली पावणेसातला. ओट्स ढकलले. तळलेल्या बलोनी सॉसेजचे दोन तुकडे खाल्ले. दुपारी झोपली नाही, झोपल्याचं नाटक केलं.

मिस टिप्टनना वहीबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं.

बुधवार, ६ जानेवारी

डेल्सी: मॅकरोनी, सफरचंदाच्या फोडी (सालं काढून, नाहीतर थुंकते). बाथटबमध्ये गाणं म्हटलं. गाण्यात सगळी नावं मावशीच्या कोंबड्यांची.

मी दिवसभर शेजारच्या बर्ल काकांकडे, त्यांच्या शेतावर होतो. तंबाखूची वाळलेली झाडं खाली काढायची, पानं उतरवायची, रंगावरून वेगळी करायची. खोलीत लाकडांचा स्टोव्ह असतो. हात काळे चिकट होतात, साबणाने जात नाहीत. मला हे काम आवडतं. बोलावं लागत नाही. बोलायचं काम काका करतात.

"काय रे, आज सकाळपासून तीन शब्द बोललास. घसा बसेल."

मी हसलो.

"बघ, हसायला तरी लायसन लागत नाही."

मला सोडायला आले तेव्हा गाडीतून सुकी लाकडं उतरवून दिली. म्हणाले जास्तीची आहेत. जास्तीची नव्हती. मला त्यांचा ढीग माहीत आहे.

शुक्रवार, ८ जानेवारी

आज मोठं लिहावं लागणार.

मिस टिप्टन आल्या. एमेटने चॅटनूगाच्या कोर्टात ११ डिसेंबरला अर्ज टाकलाय. आमचा अर्ज इथल्या कोर्टात, केंटकीत, १४ डिसेंबरला. म्हणजे दोन राज्यांत दोन कोर्टं आणि मूल एकच. तर आता दोन्हीकडचे जज एकमेकांशी फोनवर बोलणार. २० तारखेला, दहा वाजता. आपल्याला बसून ऐकता येणार, एक बाई सगळं टाइप करून ठेवणार.

"फोनवर?" मावशी म्हणाली. "पोरीचं आयुष्य फोनवर ठरवणार?"

"पोरीचं नाही ठरवणार, ओपल. केस कुणी ऐकायची तेवढंच ठरवणार."

"एकच झालं ते."

"एकच नाही. बिलकूल नाही." पण मावशीला पटलं नाही, आणि मला पण.

मिस टिप्टननी नियम सांगितला. अर्ज टाकायच्या आधीचे सहा महिने मूल ज्या राज्यात राहिलं, त्या राज्याचा पहिला हक्क. सहा महिने भरले नसतील तर आधीच्या राज्याचा, आईबापांतलं कोणी तिथे राहत असेल तोवर. मग त्यांनी मावशीचा अर्ज उघडला. त्यात एक रकाना असतो, मूल पाच वर्षांत कुठे कुठे राहिलं. मावशीने लिहिलं होतं: जन्मापासून याच घरात. खाली पत्ता.

"ओपल, हा पत्ता टेनेसीचा आहे. आपण बसलोय केंटकीत."

"पत्रांचा डबा तिकडे आहे ना. सगळ्यांचेच डबे रस्त्याच्या त्या बाजूला. पोस्टाची गाडी तिकडूनच येते."

"आणि घर?"

"घर इकडे."

"पहिल्यापासून?"

"छे, आधी तिकडेच होतं. बर्लने ट्रॅक्टर लावून ओढून आणलं."

मिस टिप्टननी चष्मा काढला. "तुम्ही राज्य बदललंत, आणि ते लिहिलं नाहीत?"

"राज्य कुठे बदललं? रस्ता ओलांडला."

मावशी खोटं बोलत नव्हती. आमचं घर म्हणजे ट्रेलर, विटांवर टेकवलेलं, ओढून नेता येणारं. तिकडच्या बाजूची जागा भाड्याची होती, मालकाला ती मोकळी हवी होती, आणि इकडे मावशीच्या नवऱ्याची जमीन पडून होती, झाडीच्या मागे. म्हणून घर उचललं आणि आणलं. पलंग तोच, पडदे तेच. डेल्सीने भिंतीवर काढलेला बेडूक तोच. मधला रस्ता म्हणजेच राज्याची सीमा आहे हे आम्हाला माहीत असतं, पण ते कोण मनात धरतं? बर्ल काकांच्या गाई रोज टेनेसीत चरतात आणि केंटकीत दूध देतात. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळसुद्धा अजून त्या बाजूच्या वेळेवर आहे, एक तास मागे. मावशी बदलू देत नाही.

"बरं. कधी आणलंत?" मिस टिप्टन.

"तंबाखूची लागण झाल्या झाल्या. जूनचा पहिला आठवडा. दरवर्षी तेव्हाच उरकते."

मिस टिप्टननी बोटांवर मोजलं. "मग भरले सहा महिने. जेमतेम, पण भरले." आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मावशीने बिन्स गरम केले, मक्याचा पाव कापला, त्यांना बळेच बसवलं. निघताना त्यांनी बजावलं, "दहा म्हणजे केंटकीचे दहा. चॅटनूगा टेनेसीत असलं तरी तिथली वेळ इथलीच, तिकडेही तेव्हा दहाच असतात. ते घड्याळ बघून निघू नका."

डेल्सी: बिन्स खाल्ले, पाव कुत्र्याला दिला. मिस टिप्टनच्या मांडीवर बसली.

शनिवार, ९ जानेवारी

जूनचा पहिला आठवडा नव्हता.

काल काकांकडे पानं वेगळी करताना डोक्यात आलं आणि गेलंच नाही. गेल्या वर्षी मे महिनाभर पाऊस होता. पहिली रोपं मुळातून सडली. काका शिव्या देत दुसरी रोपं आणायला गेले होते. लागण संपली २६ जूनला, शुक्रवारी. शनिवारी २७ ला घर ओढलं.

मला पक्कं आठवतं कारण रविवारी चर्चचं मोठं जेवण होतं आणि घराला पायऱ्या लावायच्या राहिल्या होत्या. आईला तेव्हा चालवत नव्हतं. मी आणि काकांनी तिला खुर्चीसकट उचलून खाली उतरवलं. ती हसायला लागली. म्हणाली, "बघा रे, राणीसाहेब निघाल्या." त्या दिवसाचं चर्चचं पत्रक तिने बायबलमध्ये ठेवलं. मी आत्ता बघितलं. २८ जून. पाठीमागे तिने पेनाने लिहिलंय, कालपासून नव्या जागी, पायऱ्या नाहीत.

२७ जून ते ११ डिसेंबर. तीन वेळा मोजलं. सहा महिने होत नाहीत.

हे कोणालाच माहीत नाही. काका विसरले असतील. मावशीला खरंच जूनचा पहिला आठवडा वाटतो. मी गप्प बसलो तर काहीच होणार नाही. आणि गप्प बसणं मला सगळ्यात चांगलं जमतं.

डेल्सी: काय खाल्लं लक्षात नाही. माझ्यामुळे.

मंगळवार, १२ जानेवारी

डेल्सीला १०१ ताप. नर्सला फोन मावशीने केला. औषध पाजलं मी. नर्सबाई स्वतःचं जेवण सोडून आल्या, कान तपासले, म्हणाल्या कान ठीक आहे. डेल्सीने त्यांना विचारलं, "तुझा कान ठीक आहे?" मग त्यांचा कान तिने तपासला. चांगल्या आहेत त्या बाई. बसून राहिल्या.

गुरुवार, १४ जानेवारी

काकांना सांगितलं. सांगितलं म्हणजे पत्रक पुढे धरलं.

त्यांनी वाचलं, परत दिलं, पानं काढत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी म्हातारा माणूस. मला कोणी विचारलं तर मला काही आठवत नाही. एक जून म्हणशील तर एक जून."

"काका, खरं काय ते तुम्हाला आठवतं."

"मला ती सडलेली रोपं मरेपर्यंत आठवतील. पण कोर्टाने रोपांबद्दल विचारलं तर ना!" मग म्हणाले, "हे बघ, स्टोव्ह तिथे आहे. मी तिकडे तोंड करून बसतो. तुला काय करायचं ते कर."

आणि खरंच पाठ फिरवून बसले. ते माझ्या बाजूने होते म्हणून तसं म्हणाले, हे कळतं मला. स्टोव्हचं दार उघडं होतं. मी पत्रक परत खिशात घातलं. त्यावर तिचं अक्षर आहे.

शनिवार, १६ जानेवारी

मावशीला सांगितलं.

ती भांडी घासत होती. नळ बंद केला. "वर्षभर तुझ्या तोंडातून शब्द निघत नाही, हॉलिस. आणि निघाला तो हा?"

मी ताट पुसायला घेतलं.

"तुला कळतंय का? त्या नदीवाल्याकडे जाईल पोर. महिनाभर तो पाण्यावर. तिला ठेवणार कोणाकडे? बोटीवर?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे." टॉवेल आपटून आत गेली. जेवायला आली नाही. मी बलोनी तळून तिचं ताट दारापाशी ठेवलं. नंतर बघितलं तर ताट रिकामं होतं, धुऊन ठेवलेलं.

आपण बरोबर केलं असं मला अजिबात वाटत नाहीये. डेल्सीला कळतं का कोण जाणे, आज माझ्या बुटात पाय घालून घरभर फिरली. "मी हॉलिस आहे, मी बोलत नाही," असं ओरडत.

बुधवार, २० जानेवारी

जेवढं आठवतं तेवढं लिहितो.

डेल्सीला नर्सबाईंकडे ठेवलं. मावशीने चर्चचा कोट घातला. गाडीत कोणी बोललं नाही, म्हणजे मी नेहमीसारखा आणि मावशी माझ्यासारखी. बर्ल काका गाडी चालवत होते. त्यांनी एकदाच विचारलं, "दहा म्हणजे कोणाचे दहा?" कोणी हसलं नाही.

कोर्टाच्या मागे छोटी खोली. लांब टेबल, मधोमध फोन. इथल्या जज बाई आहेत, नाव हेन्स्ली, पांढरे केस, पायात रबरी बूट कारण बाहेर चिखल. मला वाटलं होतं की दोघं जज आपसात बोलून घेतील आणि आम्हाला निकाल सांगतील. तसं नव्हतं. जजबाईंनी आधी खोलीत कोण कोण आहे ते सांगितलं, मग फोनमधून तिकडच्या जजसाहेबांनी त्यांच्या खोलीत कोण आहे ते सांगितलं. शेवटी म्हणाले, "आणि मिस्टर एमेट स्कॅग्स." कोणीतरी खाकरलं. तो एमेट.

जजसाहेब फोनमधून म्हणाले, "तुमच्याकडे पाऊस आहे का हो?"

"चिखल आहे. पाऊस काल संपला."

"मग आमच्याकडे पोचतोय तो."

मला धक्काच बसला. डेल्सीचं सगळं टांगलेलं आणि हे पावसाचं बोलतायत. पण त्यानंतर दोघं एकदम कामाला लागले आणि एक शब्द वाया घालवला नाही. तुमच्याकडे अर्ज कधी आला, आमच्याकडे कधी आला, कोणी कुठला हुकूम काढलाय का. एक बोललं की दुसरं थांबायचं. टाइप करणाऱ्या बाईंनी हात वर केला की दोघंही थांबायचे. मोठी माणसं अशी थांबून बोलताना मी पहिल्यांदा बघितली.

मग जजबाईंनी मावशीला शपथ दिली. विचारलं, घर रस्त्याच्या या बाजूला कधी आलं?

मावशी उभी राहिली. टेबलाला धरून. "बाईसाहेब, मला महिना आठवतो तो तंबाखूवरून. तारीख माझ्या भाच्याला माहीत आहे. त्याला विचारा. तो खोटं बोलत नाही. तो बोलतच नाही."

मिस टिप्टननी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना आधी सांगायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी उभा राहिलो. आवाज फुटेना. सगळे थांबले. फोनसुद्धा थांबला होता, त्यातून नुसती घरघर येत होती. जजबाई म्हणाल्या, "सावकाश. आम्हाला कुठे जायचं नाहीये."

मी पत्रक वाचलं. वरची तारीख वाचली. मागे आईने लिहिलेलं वाचलं. मग म्हणालो, "म्हणजे सत्तावीस जून. शनिवार. बर्ल काकांच्या ट्रॅक्टरने." आणि बसलो.

मिस टिप्टननी डोळे मिटले. मग स्वतःच उठून म्हणाल्या, "आमच्या अर्जातली माहिती चूक होती. ती मी दुरुस्त करून देते."

जजसाहेब फोनमधून म्हणाले, "मग सहा महिने भरत नाहीत. पहिला हक्क टेनेसीचा."

"मलाही तसंच दिसतं," जजबाई म्हणाल्या.

मावशीचा हात माझ्या गुडघ्यावर आला. मला वाटलं चिमटा काढेल. नुसता ठेवला.

तेवढ्यात एमेटचा आवाज आला. "साहेब, एक विचारू का? घर कुठे आहे म्हणाले?"

जजबाई म्हणाल्या, "रस्त्यापलीकडे. जुन्या जागेपासून किती असेल, ओपल?"

"झाडीच्या मागे. हाक मारली तर ऐकू येईल," मावशी म्हणाली.

मग एमेट म्हणाला, "जुलैत मी आलो होतो. नुसत्या विटा होत्या. मला वाटलं लेकीला घेऊन पळाले. मी पाच महिने..." पुढचं ऐकू आलं नाही. त्याच्या वकिलाने काहीतरी म्हटलं.

मी खाली बघत बसलो. कारण जुलैत मी त्याला बघितलं होतं. एक माणूस जुन्या जागेवर उभा, टोपी हातात, गाडीचं दार उघडं. मी झाडीत सरपण गोळा करत होतो. मला वाटलं जागेचा मालक असेल. जाऊन विचारायला हवं होतं. मी झाडामागे सरकलो, तो जाईपर्यंत.

हे मी कोर्टात बोललो नाही. कोणी विचारलं नाही.

मग जजसाहेब म्हणाले, "मला हक्क आहे. पण हक्क आहे म्हणून तो वापरायलाच हवा असं नाही. मुलीचा डॉक्टर तिथे, शेजारी तिथे, साक्षीदार तिथे. मिस्टर स्कॅग्स, ही केस तिकडच्या बाईसाहेबांनी ऐकली तर तुमचं काय म्हणणं?"

तिकडे कुजबूज झाली. वकिलाचा आवाज चढला होता. मग एमेट म्हणाला, "माझे वकील नको म्हणतायत. पण साहेब, तिला काय तीन तास गाडीत बसवून कोर्टात आणायचं? मीच येतो तिकडे. फक्त माझं ऐकून घेतील ना?"

"ऐकेन," जजबाई म्हणाल्या. "त्यासाठीच बसलेय."

जजसाहेब म्हणाले विचार करून लेखी कळवतो. फोन ठेवला.

बाहेर येऊन मी काकांच्या गाडीमागे उभा राहून रडलो. मला वाटलं सगळं गेलं. मिस टिप्टन मागून आल्या. मला वाटलं ओरडतील. म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी मला. कळलं?" मी मान हलवली. मग म्हणाल्या, "आणि हॉलिस, आज जर तू गप्प बसला असतास आणि ते नंतर उघडं पडलं असतं, तर ओपलच्या शब्दाला तिथे कवडीची किंमत राहिली नसती." आणि पेपरमिंट दिलं. मी ते खाल्लं नाही, डेल्सीला आणलं. तिने चावून टाकलं एका मिनिटात.

शुक्रवार, २९ जानेवारी

आठ दिवस काही लिहिलं नाही, फक्त डेल्सीचं मागच्या पानांवर लिहिलंय.

आज कागद आला. टेनेसीने केस सोडली. इथे चालणार. मिस टिप्टननी फोनवर दोनदा वाचून दाखवलं कारण मावशी म्हणाली परत वाचा. शेवटी लिहिलंय की दोन्ही कोर्टांनी एकमेकांशी बोलून आणि सगळ्यांचं ऐकून हे ठरवलं. मावशी म्हणाली, "बोलून ठरवलं म्हणे. आमच्या खानदानात कोणी असं काही ठरवलेलं मी बघितलं नाही." मग ओव्हन लावला आणि चार ॲपल पाय केले. एक आम्हाला, एक काकांना, एक नर्सबाईंना. चौथा कोणाला ते सांगेना. जजला देता येत नाही हे मिस टिप्टननी तिला स्पष्ट सांगितलंय.

डेल्सी: ॲपल पाय. दोन वेळा. जेवण नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

जजबाईंकडे सुनावणी. एमेट बोटीवरून सुट्टी काढून आला. मला वाटायचं तो मोठा धिप्पाड असेल. मध्यम आहे. इस्त्रीचा शर्ट, कॉलरच्या घड्या तशाच, म्हणजे नवा. मावशीकडे बघून टोपी काढली.

आत जायच्या आधीच बाकावर वकिलांनी बोलून बरंचसं ठरवलं होतं. डेल्सी मावशीकडे राहणार. एमेट जेव्हा पाण्यावर नसेल तेव्हा दोन शनिवार-रविवार त्याच्याकडे, उन्हाळ्यात जास्त. मावशी एकदाच तडकली. "तिला सालं काढून सफरचंद लागतं, माहीत आहे का?" एमेट म्हणाला, "नाही माहीत. सांगा ना." मावशी बाकावर जरा सरकली, त्याला जागा केली.

जजबाईंनी या वहीतली पानं बघितली. म्हणाल्या अक्षर छान आहे. मग विचारलं, "डेल्सीचं झालं. तुझं काय? तूही अजून अठराचा नाहीस. तुझ्यासाठी कोणी अर्ज केलाय?"

"कशाचा?" मी म्हणालो.

त्यांनी मिस टिप्टनकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं. मिस टिप्टन पण लिहायला लागल्या. मला कळलं नाही मी काय चुकीचं बोललो. घरी येताना मावशी म्हणाली, "काही चुकीचं नाही बोललास," आणि काकांना म्हणाली जरा गाडी बाजूला घे, डोळ्यात काहीतरी गेलंय.

शनिवार, २७ फेब्रुवारी

एमेट आज पहिल्यांदा डेल्सीला न्यायला आला. अर्धा तास आधी. मावशी म्हणाली, "आमच्या घड्याळाने तर दीड तास आधी आलाय," पण कॉफी दिली.

मी तीन पानं लिहून ठेवली होती. काय खाते, कशाला घाबरते, झोपताना पडदा किती उघडा लागतो. त्याने घेतली, घडी केली, परत उघडली. म्हणाला, "चल, पाय मोकळे करू." आम्ही रस्ता ओलांडून जुन्या जागेवर गेलो. डेल्सी पुढे पळत होती. विटा अजून आहेत. गवत आलंय मध्ये.

मला राहवलं नाही. म्हणालो, "जुलैत मी तुम्हाला बघितलं होतं. त्या झाडीतून. यायला हवं होतं. आलो नाही."

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी पण बघितलं होतं तुला. म्हटलं शेजारचा पोरगा असेल. विचारावं असं आलं होतं मनात."

"मग?"

"जमलं नाही. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ..." आणि हाताने गाठ मारल्यासारखं केलं.

दोघं तिथेच उभे राहिलो. डेल्सी विटांवरून उड्या मारत होती. "हे माझं स्वयंपाकघर! तुम्ही बाथरूममध्ये उभे आहात!" असं ओरडली आणि तो हसला.

गाडी गेल्यावर घर फार शांत झालं. मी काकांकडे जाऊन गोठा साफ केला. गरज नव्हती.

रविवार, २८ फेब्रुवारी

परत आली. पाचला. गालावर चॉकलेट. सांगत सुटली की बाबाकडे खिडकीतून नदी दिसते आणि बाबा अंडं जाळतो. मावशी म्हणाली, "जाळतो का? पुढच्या खेपेला मी दाखवते त्याला." पुढच्या खेपेला म्हणाली. मी ऐकलं.

मंगळवार, १६ मार्च

डेल्सी: उठली सातला. पॅनकेक. बर्ल काकांकडे नव्या वासराला हात लावला, नंतर हात धुतले नाहीत, मी धुवायला लावले. बिन्स, मक्याचा पाव (कुत्र्याला नाही दिला). संध्याकाळी पाचलाच सोफ्यावर झोपली, ताप नाही, नुसती दमली.

सहाला फोन वाजला. मावशी कोंबड्यांकडे होती. मला फोन उचलायला आवडत नाही पण उचलला. एमेट. बोटीवरून. मागे इंजिनाचा आवाज.

"झोपली का रे?"

"झोपली."

"बरं." मग दोघंही गप्प. मला वाटलं ठेवेल. नाही ठेवला. म्हणाला, "आज काय काय केलं तिने?"

मी वही आणली आणि वाचून दाखवलं. वासराचं ऐकून हसला. हात धुतले का विचारलं. म्हणालो धुतले. परत थोडा वेळ इंजिन.

"आणि तुझा दिवस?"

मी वहीत बघितलं. माझं काही लिहिलेलं नव्हतं.

तरी सांगितलं. बराच वेळ लागला. तो ऐकत होता.